नियमनिष्ठ विनोद : ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या खेळाच्या सूचनावाङ्मयाचा विचार

१

विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे तीन प्रकार मराठी समीक्षेत रूढ आहेत. ग्रंथ आणि रंगभूमी यांच्यापुरती ही विभागणी पुष्कळ अंशी पुरेशी ठरते. कारण तेथे वाचक वा प्रेक्षक विनोदाच्या बाहेर उभा असतो. लेखक हसवितो, पात्र फजित होते आणि वाचक हसतो, अशी तेथे कामाची वाटणी असते. परंतु ज्या कलाप्रकारात रसिक स्वतःच कर्ता असतो, योजना त्याची, कृती त्याची आणि फजितीही त्याचीच असते, तेथे ही विभागणी लावू गेल्यास काहीतरी निसटते. संगणकीय खेळ हा असा एक प्रकार होय. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या अवकाशोड्डाणाच्या खेळाभोवती खेळाडूंनी एकमेकांस दिलेल्या सूचनांचे एक विपुल आणि विनोदपूर्ण वाङ्मय निर्माण झालेले आहे. त्याच्या आधारे या निसटणाऱ्या गोष्टीचे स्वरूप निश्चित करता येते काय, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम खेळाचा परिचय आवश्यक आहे. मेक्सिको शहरातील स्क्वाड या संस्थेत फेलिपे फालांगे यांनी २०११ च्या आरंभी त्याची रचना हाती घेतली. त्याची पहिली आवृत्ती २४ जून २०११ रोजी आणि पूर्णत्वास पोहोचलेली आवृत्ती २७ एप्रिल २०१५ रोजी प्रसिद्ध झाली. कुमारवयात फालांगे दारूकामाच्या बाणांना धातूच्या पत्र्याच्या चिमुकल्या आकृत्या बांधून उडवीत असत व त्यांना ‘कर्बल’ म्हणत. खेळातील ठेंगणे, हिरवे, मोठ्या डोळ्यांचे अवकाशवीर हे त्यांचेच वंशज होत. खेळाडूने इंधनटाक्या, इंजिने, पंख, पॅराशूट इत्यादी सुटे भाग जोडून अग्निबाण रचावयाचा आणि ‘कर्बिन’ नामक ग्रहावरून तो उडवावयाचा, एवढेच खेळाचे सूत्र आहे. कर्बिनचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकेच आहे. मात्र त्याची त्रिज्या केवळ ६०० किलोमीटर आहे. त्यामुळे पृथ्वीनिकटच्या कक्षेसाठी सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो, तर येथे सुमारे २.३ किलोमीटर पुरतो. अडचण कमी केलेली आहे, परंतु तिचे स्वरूप बदललेले नाही. या एका निर्णयावरच खेळाचे सारे यश उभे आहे.

२

खेळाडूंच्या सूचनांचे बाह्यरूप म्हणीसारखे आहे. त्या आखूड आहेत, बहुधा निनावी आहेत आणि प्रत्येकीच्या मागे अनेकांचा अनुभव आहे. ‘टप्पे तपासा’, ‘वर जाणे म्हणजे कक्षेत जाणे नव्हे’, ‘गाठावयाचे असेल तर वेग कमी करा’, ‘आणखी बूस्टर लावा’, ‘इंधन संपले तर खाली उतरून ढकला’ या काही प्रातिनिधिक सूचना होत. यांतील काही अक्षरशः खऱ्या आहेत, काही उपरोधाने दिलेल्या आहेत आणि काही ऐकता थट्टेच्या वाटून अंती खऱ्या ठरणाऱ्या आहेत. नवख्या खेळाडूस यांतील कोणती कोणत्या जातीची, हे स्वतःचा अग्निबाण कोसळेपर्यंत कळत नाही. उपदेश आणि विनोद यांची अशी एकजीव मिसळण हे या वाङ्मयाचे पहिले वैशिष्ट्य होय.

‘वर जाणे म्हणजे कक्षेत जाणे नव्हे’ ही सूचना पाहावी. नवा खेळाडू अग्निबाण सरळ वर सोडतो. कर्बिनचे वातावरण ७० किलोमीटरवर संपते. यान शंभर किलोमीटरवर पोहोचते, आकाश काळे होते, खेळाडूस कृतार्थता वाटते आणि यान निघाले होते त्याच परिसरात परत येऊन आदळते. कक्षा ही उंचीची नव्हे, तर आडव्या वेगाची बाब आहे. ग्रहाकडे सतत पडत असूनही पुढे सरकण्याच्या वेगामुळे जमीन चुकत राहणे, यालाच कक्षेत असणे म्हणतात, हे त्यास तेव्हा उमगते. न्यूटनने हे पर्वतशिखरावरील तोफेच्या दृष्टांताने समजाविले होते. दृष्टांत समजणे आणि तोफगोळा होऊन समजणे यांत मात्र अंतर आहे.

‘आणखी बूस्टर लावा’ ही सूचना याच्या उलट जातीची. तिचा विनोद ज्यांस त्सिओल्कोव्स्कीचे १९०३ मधील समीकरण ठाऊक आहे त्यांसच पूर्णतः कळतो. अग्निबाणाच्या वेगात उत्सर्जित वायूच्या वेगाएवढी भर घालावयाची, तर आरंभीचे वस्तुमान अंतिम वस्तुमानाच्या सुमारे २.७ पट असावे लागते. दुप्पट भर हवी असल्यास सुमारे ७.४ पट, तिप्पट हवी असल्यास सुमारे २० पट. वाढविलेले इंधन मुख्यतः वाढलेल्या इंधनासच उचलत राहते. म्हणून बूस्टर वाढविले की यान लटपटू लागते. ते लटपटते म्हणून जोडदांड्या वाढवाव्या लागतात. दांड्यांचे वजन वाढले म्हणून पुनश्च बूस्टर. शेवटी प्रक्षेपणमंचावर उभी राहते ती एखाद्या मुंगीस पलीकडच्या काठावर नेण्यासाठी बांधलेली गलबतांची आरमारी रांग. उपदेशकर्ता हे सारे जाणतो आणि तरीही गंभीर मुद्रेने आणखी बूस्टर लावावयास सांगतो. शिष्याने त्याची आज्ञा पाळली म्हणजे समीकरण शिकविण्याचे काम गुरूस करावेच लागत नाही.

३

या विनोदास अवकाशयुगाच्या खऱ्या इतिहासाचा आधार आहे, आणि त्याचे मर्म त्या इतिहासाशी ताडून पाहिल्यानेच स्पष्ट होते. ‘टप्पे तपासा’ या सूचनेचा उगम एका अत्यंत सामान्य चुकीत आहे. अग्निबाणाचे कोणते भाग कोणत्या क्रमाने कार्यान्वित व्हावयाचे, ते उड्डाणापूर्वी ठरवावे लागते. क्रम चुकला, तर पहिल्याच आज्ञेसरशी इंजिन पेटण्याऐवजी पॅराशूट उघडते, किंवा कुपी यानापासून सुटून जागच्या जागी गडगडते. हे दृश्य पाहून हसणाऱ्यास तो अतिरंजित प्रहसनाचा भाग वाटतो. परंतु २१ नोव्हेंबर १९६० रोजी केप कॅनाव्हरल येथे मर्क्युरी-रेडस्टोन या मनुष्यरहित अग्निबाणाच्या बाबतीत नेमके असेच घडले. दोन विद्युत्-जोडण्या ज्या क्रमाने सुटावयाच्या होत्या, त्याच्या उलट क्रमाने सुटल्या. इंजिन तत्क्षणी बंद पडले. सुमारे चार इंच वर गेलेला अग्निबाण पुन्हा मंचावर टेकला. इंजिन थांबले याचा अर्थ उड्डाण पार पडले, असे समजून संकटविमोचनाचा मनोरा एकटाच आकाशात निघून गेला. उंची कमी आहे, म्हणजे यान परतले, असे समजून पॅराशूट उघडले. त्यावर काहीच भार येत नाही, म्हणजे ते निकामी झाले, असे समजून राखीव पॅराशूटही बाहेर पडले. इंधनाने भरलेला अग्निबाण मात्र अंगावर छत्र्यांची कापडे लेवून मंचावर उभा. त्याच्या विद्युत्-घटांची शक्ती संपेपर्यंत जवळ जाण्याची सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवसाच्या सकाळची वाट पाहावी लागली.

या प्रसंगात हास्यास्पद काय आहे? कोणतीही यंत्रणा वेडेवाकडे वागली नाही. उलट प्रत्येकीने आपणांस दिलेली आज्ञा तंतोतंत पाळली. येथे हसू येते ते नियमभंगाचे नव्हे, नियमपालनाचे. घरातील प्रत्येकाने आपले काम चोख बजावावे आणि त्यामुळेच लग्नाचा मुहूर्त टळावा, त्या जातीचा हा विनोद आहे.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. ३ जून १९६५ रोजी निघालेल्या जेमिनी ४ या यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. त्यांनी यानाचा रोख त्या टप्प्याकडे धरून जोर लावला. पण अंतर कमी होण्याऐवजी वाढू लागले. पुष्कळ इंधन खर्ची पडल्यावर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. कारण असे की, पुढे जाण्यासाठी वेग वाढविला म्हणजे कक्षा उंचावते, प्रदक्षिणेस अधिक काळ लागतो आणि यान मागे पडते. पुढच्यास गाठावयाचे, तर वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावे लागते. तेथे प्रदक्षिणा लवकर पूर्ण होते. हे गणित पक्के झाल्यावर त्याच वर्षी १५ डिसेंबरला जेमिनी ६ए आणि जेमिनी ७ ही याने एकमेकांच्या अगदी निकट आली. कसलेल्या वैमानिकाची वर्षानुवर्षांची सवय जेथे अपुरी पडली, तेथे हा खेळ खेळणारे शाळकरी मूल ‘गाठावयाचे असेल तर वेग कमी करा’ हे सुभाषित सहज म्हणून दाखविते. अमेरिकन व्यंगचित्रकार रँडल मनरो यांनी २०१४ मध्ये काढलेल्या एका आलेखवजा व्यंगचित्रात भौतिकीची पदवी आणि अवकाशसंस्थेतील नोकरी यांपेक्षाही या खेळाने कक्षागतीची समज अधिक वाढते असे दाखविले आहे. त्यातील अतिशयोक्ती वजा केली तरी तथ्य बरेच उरते.

४

आता विभागणीच्या प्रश्नाकडे वळता येईल. रूढ असलेले तिन्ही प्रकार या खेळात आढळतात. यच्चयावत कर्बलांचे आडनाव ‘कर्मन’ असणे, किंवा यानाचा एखादा भाग भंगाराच्या दुकानातून आणल्याचे त्याच्या वर्णनात सुचविणे, हा शब्दनिष्ठ विनोद होय. तो पहिल्या भेटीत गोड वाटतो आणि दहाव्या भेटीत दिसेनासा होतो. उड्डाण चालू असता पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे अवकाशवीरांचे चेहरे स्वभावनिष्ठ विनोदाचे उदाहरण आहेत. यान कोसळत असता बिल आणि बॉब भीतीने दातखीळ बसल्यासारखे दिसतात, तर त्याच वेळी जेबेडाया प्रसन्नपणे हसत असतो. प्रत्येक कर्बलाच्या अंगी धैर्य आणि मूर्खपणा किती, याची नोंद खेळात ठेवलेली असते आणि धैर्य व मूर्खपणा ही दोन निरनिराळी मापे मानली आहेत, हे मार्मिक आहे. तरीही या विनोदांनी खेळ दहा वर्षे जिवंत राहिला नसता. जो विनोद शिळा होत नाही, तो निराळ्या ठिकाणाहून येतो. खेळाडूचा हेतू एक असतो. विश्वाचा नियम दुसरा असतो. नियम खेळाडूचा हेतू लक्षातच घेत नाही. आणि परिणाम पाहिल्यावर नियमच बरोबर होता हे खेळाडूस मान्य करावे लागते. यास ‘नियमनिष्ठ विनोद’ असे नाव देता येईल.

बेर्गसाँ यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक ग्रंथात, सजीवावर यांत्रिकतेची पुटे चढली म्हणजे हास्य उद्भवते, अशी उपपत्ती मांडली आहे. मर्क्युरी-रेडस्टोनच्या प्रसंगाला ती काही अंशी लागू पडेल. पण जेमिनी ४ च्या बाबतीत ती अपुरी ठरते. तेथे यांत्रिकपणे वागणारा मनुष्य नाही, तर समोरच्या वस्तूकडे जावयाचे म्हणजे तिच्या दिशेने जावयाचे, ही जमिनीवरील आयुष्याने दिलेली अत्यंत स्वाभाविक समजूत आहे. तिचा पराभव कोणा प्रतिस्पर्ध्याने नव्हे, तर भूमितीने केलेला असतो. म्हणूनच नियमनिष्ठ विनोदात खलनायक नसतो आणि उपहासासही फारसा वाव नसतो.

‘शिलारोधन’ हा शब्द याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वातावरणाच्या घर्षणाने यानाचा वेग कमी करण्यास वायुरोधन म्हणतात. त्याच धर्तीवर खडकावर आदळून वेग कमी करण्यास अभियंत्यांच्या आणि खेळाडूंच्या बोलीत शिलारोधन असे गंभीर पारिभाषिक नाव मिळाले आहे. वरवर पाहता ही शब्दाची करामत आहे. परंतु तिचा दंश भौतिकीत आहे; वेगाची ऊर्जा कोठेतरी द्यावीच लागते, आणि वायूस दिली नाही तर ती खडकास द्यावी लागेल. ४ जुलै १९९७ रोजी मार्स पाथफाइंडर हे यान मंगळावर हवेने फुगविलेल्या पिशव्यांच्या वेष्टनात उसळ्या घेतच उतरले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे थट्टा आणि अभियांत्रिकी यांच्यातील सीमारेषा किती पुसट आहे ते कळते.

नियम हा या विनोदाचा प्राण आहे, याचा पुरावा उलट बाजूनेही मिळतो. खेळाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत यान दूर अवकाशात गेले की अकारण थरथरू लागे आणि तुकडे तुकडे होई. मूळ बिंदूपासून फार दूर गेल्यावर संगणकातील अंकांची अचूकता घटते, भागांच्या जागा किंचित चुकतात आणि सांध्यांना तो प्रचंड ताण वाटतो, असे त्याचे कारण होते. खेळाडूंस तेथे नियम सापडेना. तेव्हा त्यांनी या दोषास ‘क्राकेन’ या नॉर्वेच्या समुद्रकथांतील राक्षसाचे नाव दिले. जेथे नियम होता तेथे सूचना जन्मली आणि जेथे तो दिसेना तेथे पुराणकथा. पुढे काही कल्पक खेळाडूंनी अशाच दोषांची वागणूक हेरून त्यांपासून इंधनाशिवाय चालणारी इंजिने बनविली, म्हणजे राक्षसासही नियमात बसविले. आणि लगेच त्याविषयीच्या सूचना निघू लागल्या. ‘इंधन संपले तर खाली उतरून ढकला’ ही सूचनाही याच प्रवृत्तीतून आली. अवकाशवीराच्या पाठीवरील छोट्या यंत्राचे इंधन यानात परतताच आपोआप भरले जाई. त्यामुळे बंद पडलेल्या मोटारीस उतारूंनी धक्का द्यावा तसे यानास पुनःपुन्हा बाहेर येऊन ढकलीत वातावरणापर्यंत आणता येई.

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी अपूर्णावस्थेत प्रसिद्ध झालेल्या या खेळाच्या उत्तरार्धाची कथा येथे बोलकी आहे. त्यात विनोदी चित्रमालिकांची आणि सजावटीची उणीव नव्हती. परंतु यान कोसळले म्हणजे दोष आपल्या रचनेचा की कार्यक्रमलेखनाचा, हे खेळाडूस कळेनासे झाले. नियमावरचा विश्वास डळमळताच तेच कोसळणे हास्यजनक न राहता त्रासदायक झाले. २०२४ मध्ये त्याचा विकास खंडित झाला. येथे एक भेद ध्यानी ठेवणे इष्ट आहे : नियम सुसंगत असावा लागतो, पूर्ण खरा असावाच लागतो असे नाही. मूळ खेळात यानावर एका वेळी एकाच गोलाचे गुरुत्वाकर्षण चालते. त्यामुळे निसर्गात असणारे लाग्रांज-बिंदू तेथे नाहीत. ही त्रुटी विनोदास बाधक होत नाही, कारण ती सर्वांना, सर्वकाळ, सारखीच लागू आहे.

५

नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. त्या परिभाषेचा थोडा विस्तार करून असे म्हणावयास हरकत नाही की, या खेळातील हास्य प्राधान्याने आत्मस्थ आहे. हसणारा आणि हास्याचा विषय ही एकच व्यक्ती आहे. मराठी वाचकास येथे चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आठवेल. तोही स्वतःची फजिती स्वतःच, आणि तीही निरागस गांभीर्याने, सांगतो. खेळाडूंचे कथनही असेच अधिकृत अहवालाच्या थाटाचे असते. ही शैली त्यांस खेळानेच शिकविली आहे. अपघातानंतर खेळ कोणता भाग कितव्या सेकंदास कशावर आदळला याची निर्विकार यादी पुढे ठेवतो. दोष कोणाचा, हे सांगत नाही. ती यादी वाचता वाचता खेळाडूस दोषी कोण ते कळते, आणि त्याची पुढील रचना तेथेच सुरू होते.

सूचना या वाङ्मयप्रकाराचे खरे स्वरूप यातून उलगडते. प्रत्येक सूचना ही एका फजितीचा गाळीव अर्क आहे. ती देणारा आपली विद्वत्ता दाखवीत नाही. आपण कोठे पडलो ते दाखवितो. म्हणून ती ऐकणाऱ्यास कमीपणा येत नाही, आणि ती लक्षातही राहते.

६

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. अवकाशप्रवासात माणसे मेली आहेत. मृत्यूवर उभारलेला हा विनोद संवेदना बोथट करणारा नाही काय? खेळाच्या सामान्य पातळीवर उड्डाण मागे घेता येते आणि मृत कर्बल काही काळाने परत कामावर रुजू होतात. ज्या मृत्यूचे परिमार्जन एका कळीने होते, तो मृत्यू म्हणावयाचा काय? आक्षेप टाळण्यासारखा नाही. कारण नियमनिष्ठ विनोदाची मर्यादा त्यात नेमकी सांगितली आहे. हानी भरून येण्याजोगी असणे, ही त्याची पूर्वअट आहे. मर्क्युरी-रेडस्टोनची हकीकत सांगताना हसता येते, कारण त्या कुपीत कोणी नव्हते. २८ जानेवारी १९८६ च्या चॅलेंजरविषयी, अथवा १ फेब्रुवारी २००३ च्या कोलंबियाविषयी तसे हसता येत नाही. त्या दोन्ही यानांत प्रत्येकी सात माणसे होती.

तथापि याच दोन दुर्घटनांकडे पाहता आक्षेपाची दुसरी बाजूही दिसते. चॅलेंजरच्या बूस्टरमधील सांध्यांच्या रबरी कड्यांची झीज आधीच्या उड्डाणांत दिसून आली होती; कोलंबियाच्या बाबतीत इंधनटाकीवरील फेसाचे तुकडे निखळणे नवे नव्हते. याने सुखरूप परतत होती, म्हणून दोष सह्य मानले गेले. म्हणजे तेथे घात केला तो अपयशास हसण्याने नव्हे, तर यशाने आलेल्या निर्धास्तपणाने. कोणी आपली चूक हसत सांगावी आणि इतरांनी ती हसत ऐकून लक्षात ठेवावी, असे वातावरण ज्या समूहात असते, तेथे दोष लपून राहणे अवघड होते. खेळाडूंच्या सूचना त्या वातावरणाचे छोटेसे प्रतिरूप आहेत.

शिवाय खेळाडूंचे प्रत्यक्ष वर्तन आक्षेपकास विचार करावयास लावणारे आहे. ‘मुन’ या कर्बिनच्या चंद्रावर इंधन संपून एखादा कर्बल अडकला, तर त्यास विसरून जाण्यास खेळाचा विरोध नाही. त्यास अन्न लागत नाही, त्याचे वय वाढत नाही, त्याच्या नावाने कोणी रडत नाही. तरीही असंख्य खेळाडू त्याच्या सुटकेसाठी मूळ मोहिमेहून कठीण अशी दुसरी मोहीम आखतात. ती फसली तर अडकलेले दोन होतात, मग तिसरी. या सुटकामोहिमांच्या कथा खेळाडूंच्या वाङ्मयातील सर्वांत विनोदी कथा आहेत आणि त्याच सर्वांत हृद्यही आहेत. बेर्गसाँ यांच्या मते हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते. येथे मात्र हसणे आणि जबाबदारी पत्करणे एकाच क्षणी घडते; कारण अडकलेल्यास तेथे नेऊन ठेवणारा हसणारा स्वतःच असतो.

तात्पर्य, शब्द, प्रसंग आणि स्वभाव यांच्या जोडीला नियम हे विनोदाचे चौथे अधिष्ठान मानणे युक्त ठरेल. नियम सुसंगत असणे, कर्ता आणि हसणारा एकच असणे आणि हानी भरून येण्याजोगी असणे, या तिन्ही अटी पूर्ण झाल्या म्हणजे तो विनोद उपदेशाचे काम करतो. पहिली अट सुटली तर त्याचा त्रास होतो, दुसरी सुटली तर उपहास आणि तिसरी सुटली तर क्रौर्य. खेळाडू या अटी कोणत्याही ग्रंथातून शिकलेले नाहीत. टप्पे तपासावयास विसरण्याच्या, उघड्या पॅराशूटासह मंचावर उभे राहण्याच्या आणि पुनश्च जुळणीच्या जागी परत जाण्याच्या क्रमात त्या त्यांच्या अंगवळणी पडल्या आहेत.